समुद्रातला गडगा

अकरा वर्षं आमच्या डोक्यावर समुद्र होता.

मुलुंड पूर्वेला आमची तीन मजली इमारत. आम्ही पहिल्या मजल्यावर आणि आमच्या बरोबर वर, दुसऱ्या मजल्यावर, काका. सगळी इमारत त्यांना काकाच म्हणायची. माणूस एकटा, लग्न केलेलं नाही. एका कचेरीत पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढायची नोकरी. घरात एक खाट, एक टेबल, एक स्टोव्ह आणि भिंतीला लागून माणूस पाय पसरून झोपेल एवढी काचेची टाकी. टाकीत खारं पाणी, वाळू, दगड, मासे आणि बाकी पुष्कळ काही. त्यांची नावं ते सांगायचे आणि मी विसरायची.

मासे पाळलेले मी आधी पाहिले होते. आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक छोटी पेटी होती, तिच्यात लाल मासे फिरायचे. काकांचं तसलं काम नव्हतं. त्यांना समुद्राचा तळ घरात हवा होता. मासे त्यात आले ते आले.

टाकी आणायच्या आधी त्यांनी जमिनीवर किती वजन येईल ते काढलं, बीम कुठून जातो ते तपासलं आणि त्या कागदाच्या कार्बन कॉप्या काढून घरोघर वाटल्या. आमच्याकडे स्वतः आले. "वहिनी, हे वाचून ठेवा. तुमचं छत पडणार नाही," एवढं सांगून गेले. त्या दिवसापर्यंत छत पडेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. त्यानंतर रोज यायला लागलं.

जिन्यात कोणी भेटलं की माणसं विचारतात, काय, कसं काय. काका भरती सांगायचे. "आज पावणेबाराला भरती." मुलुंडला भरती असली काय, नसली काय, कोणाला काय करायचं आहे. लोक हसून पुढे जायचे. त्यांना उत्तर देणाऱ्या एकट्या आमच्या सासूबाई. त्या मालवणाकडच्या, लहानपण किनाऱ्यावर गेलेलं. त्या दारात बसल्या बसल्या म्हणायच्या, "म्हणजे सांजेक सहाच्या सुमाराक सुकती." सुकती म्हणजे ओहोटी. काका मान हलवायचे आणि वर जायचे. दोघांचं बोलणं तेवढंच, पण त्यात कधी खंड पडला नाही.

पाणी ते मढहून मागवायचे. तिथल्या एका कोळ्याशी त्यांची ओळख होती. तो होडी आत नेऊन कॅन भरायचा आणि टेंपोनं पाठवायचा. आमच्या शेजारच्या बाई एकदा म्हणाल्या, अहो, एवढ्या लांबून कशाला, आपल्या मिठागरांच्या मागे खाडी आहे की. काकांनी त्यांच्याकडे असं बघितलं, जणू कोणी जेवायला बसवून गटाराचं पाणी वाढलं. पुढे दोन महिने त्यांनी त्या बाईंना भरती सांगितली नाही.

दगड आले ते दक्षिणेकडून, ओल्या गोणपाटात गुंडाळून, खोक्यांतून. त्या काळी असले दगड आणले तर कोणी काही विचारत नसे. काका म्हणायचे, हे जिवंत दगड आहेत. इमारतीत यावर खूप हसणं झालं. मी हसले नाही, कारण मला ते खरं वाटलं होतं. काही दगड मात्र त्यांनी स्वतः सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा कालवून बनवले. ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरला तर सगळं मरेल, म्हणून ते दगड गच्चीवर पिंपात बुडवून ठेवले आणि महिनाभर रोज पाणी बदललं. तेव्हा सगळे विचारायचे, काका, लोणचं मुरलं का. काका गंभीरपणे सांगायचे, अजून नाही.

त्यांच्या घरी जायचं तर आधी हात धुवायचे, पण साबण लावायचा नाही. साबणाचा थेंब त्या पाण्यात गेला तर काय होईल हे ते एवढं रंगवून सांगायचे की मला साबणाचीच भीती वाटायची. एकदा आमच्या खाटांना ढेकूण झाले आणि मिस्टरांनी औषधाचा पंप आणला. काकांना कसं कळलं कोण जाणे. खाली आले आणि दारातच उभे राहिले. म्हणाले, ते फवारू नका, वास वर येतो, माझा हवेचा पंप तो ओढून पाण्यात सोडेल. मिस्टर म्हणाले, मग आम्ही काय ढेकूण पाळायचे? काकांनी विचार केला. मग बाह्या वर केल्या, आमच्या दोन्ही खाटा एकट्यानं गच्चीवर नेल्या आणि त्यांच्या फटींत उकळतं पाणी ओतत दुपार घालवली. सासूबाई बघून म्हणाल्या, "ह्या माणसान आपल्या आवशीची खाट तरी कधी उचलल्यान आसात?"

वीज गेली तर हवेचा पंप बंद पडेल म्हणून त्यांनी ट्रकच्या चाकाची एक ट्यूब आणून ठेवली होती. सायकलवाल्याकडून ती फुगवून आणायची, तिला बारीक नळी जोडायची, आणि नळीचं टोक पाण्यात. हळूहळू हवा बुडबुडे काढत राहायची. ती काळी फुगलेली ट्यूब खांद्यावर घेऊन काका भर बाजारातून चालत यायचे. पुण्याला भाच्याचं लग्न होतं, तर सकाळी गेले आणि अक्षता पडल्यावर जेवता जेवता उठून संध्याकाळी परत. "पाणी एकटं आहे," म्हणाले. निवृत्त झाल्यावर ते त्याच भाच्याकडे गेले. टाकी मोडली तेव्हा त्यातलं जे जगण्यासारखं होतं ते दुसऱ्या एका शौकीन माणसाला दिलं. पण ती फार पुढची गोष्ट.

हे सगळं मी लांबून पाहिलेलं. टाकी येऊन पाच वर्षं झाली तरी मी काकांशी एक शब्दही बोलले नव्हते. राग वगैरे काही नव्हता. मला परक्या माणसाशी बोलता यायचंच नाही. ते काही म्हणाले की मी पदर सावरायची आणि मान हलवायची. घरातही कोणी काही विचारलं तर माझ्या तोंडून आधी "बरं" निघायचं, मग मी विचार करायची.

त्या वर्षी गणपतीत सासूबाईंनी मला मोदक घेऊन वर पाठवलं. टाकीत नुकताच दगडांचा नवा डोंगर उभा राहिला होता. काकांनी कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र बघून त्याचा मोठा नकाशा काढला होता आणि तो भिंतीला लावला होता. प्रत्येक दगडाला नंबर. चौदा नंबर कुठे, पंधरा नंबर कुठे, सगळं रेघांनी दाखवलेलं. वर दोन दगडांवर तिसरा ठेवून कमान केली होती, तिच्यातून मासे जायचे. खरंच सुंदर दिसत होतं. मी डबा टेबलावर ठेवला आणि बघत राहिले.

आणि मग मला दिसलं की खालचे दगड वाळूवर बसवलेत.

माझे वडील गडगे घालायचे. आमच्याकडे कोकणात बागेला, शेताला दगडांचा बांध घालतात, त्याला गडगा म्हणतात. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. चौथीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा मी वडिलांबरोबर जायला लागले. ते दगड लावायचे, मी हाताशी चिपा द्यायची. चीप म्हणजे दगडाखाली सारायचा छोटा तुकडा, दगड डुगडुगू नये म्हणून. पहिला दगड लावायच्या आधी वडील भुसभुशीत माती उकरून काढायचे, अगदी कठीण लागेपर्यंत. मातीवर बसलेला दगड मातीबरोबर जातो, एवढं मला तेव्हापासून माहीत.

टाकीत एक बोटभर लांबीचा मासा होता. तो तोंडात वाळू घ्यायचा आणि लांब नेऊन थुंकायचा. मी उभी होते तेवढ्या वेळात त्यानं कोपऱ्यातल्या दगडाखालून पाच-सहा घास नेले. काका कौतुकानं म्हणाले, बघा वहिनी, घर बांधतोय. मी मान हलवली. आणि खाली आले.

खाली आल्यावर भाकऱ्या थापताना मनात वाक्य जुळवलं. काका, दगड वाळूवर नको होते. एवढंच. पण ते नकाशे काढणारे, मोठ्या कचेरीतले, आणि मी काय सांगणार. मिस्टरांना सांगावं म्हटलं तर ते म्हणाले असते, तुला काय कळतं त्यातलं. दुसऱ्या दिवशी जाईन म्हटलं. मग गौरी आल्या, मग नवरात्र, मग दिवाळी.

डिसेंबरात सासूबाई मोरीत घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. त्या वयात ऑपरेशन नको असं ठरलं आणि त्यांना घरी आणून खाटेवर ठेवलं. पायाला पट्टा बांधून, दोरी खाटेच्या कडेवरून खाली सोडून तिला विटा लटकवल्या होत्या, हाड सरळ राहावं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, दीड महिना अजिबात हलवायचं नाही. खाट ठेवायला जागा एकच होती, भिंतीकडेची. म्हणजे बरोबर टाकीच्या खाली.

तेव्हापासून माझे कान छताला लागले. सगळी कामं करताना मी वरचं ऐकत असायची. काकांच्या चपला, स्टुलाचे पाय, पंपाची घरघर. सासूबाईंच्या लक्षात आलं. म्हणाल्या, "वर काय बघतस सारखी? पाली मोजतस?" मी सांगितलं नाही. त्यांना सांगून त्या काय करणार होत्या, पळून जाणार होत्या?

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात, एका शनिवारी सकाळी मी मोरीत कपडे धूत होते. मिस्टर कामावर गेलेले. वर धप् असा आवाज झाला. पाण्यातला आवाज, बसका. पाठोपाठ दुसरा, घासल्यासारखा. दगड दगडावरून सरकला की जो येतो तो. मी तो कुठेही ऐकला असता तरी मला कळला असता.

"वर काय पडला गो?" सासूबाईंनी विचारलं. मी तशीच मोरीच्या दारात उभी. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "माका उचलूक तुका जमाचा नाय. तू वर जा."

मी वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. काका बनियनवर, स्टुलावर उभे, दोन्ही हात काखेपर्यंत टाकीत, गाल काचेला लागलेला. डोंगर पुढच्या अंगाला कलंडला होता. पाट्याएवढा एक दगड सुटून पुढे आला होता आणि त्यांच्या तळव्यांवर तोलला होता. त्याचं टोक आणि पुढची काच यांच्यात दोन बोटांचं अंतर. त्याच्यावर बाकीचे रेललेले. त्यांनी हात काढला असता तर सगळं काचेवर आलं असतं, आणि काच गेली असती तर ते सगळं पाणी, ते सगळे दगड, आणि खाली विटांना बांधलेली म्हातारी.

त्यांनी मान न वळवता विचारलं, "कोण?" मी दोन पावलं आत आले. त्यांना काचेत मी दिसले असेन. म्हणाले, "वहिनी, हाताला साबण आहे?"

कोपरापर्यंत फेस होता.

"मोरीत जा. तीनदा धुवा."

मी तीनदा धुतले. पाण्याच्या आवाजावरून तिकडून ते मोजत होते. एक झालं. दोन झाले. बाहेर आले तशी म्हणाले, "आता या इकडे. खुर्चीवर चढा. आपण दोघांनी मिळून हा दगड धरून वर उचलू."

माझ्या जिभेवर "बरं" आलं होतं. मी खुर्चीवर चढले आणि आत बघितलं. त्या माशानं कोपऱ्याखालची वाळू पार पोखरली होती. पुढचा दगड उचलला असता तर त्याच्यावर टेकलेले वरचे तीन मोकळे सुटले असते. खालून सासूबाई खोकलेल्या ऐकू आल्या. दोन्ही घरांच्या खिडक्या उघड्या होत्या.

"नको," मी म्हटलं.

"काय?"

"हा उचलू नका. हा शेवटी. तुम्ही असेच धरा. वरचे मी काढते. आधी तो कमानीचा, मग कोपऱ्यातला."

"तुम्हाला काय माहीत?" काकांनी विचारलं. त्यात हेटाळणी नव्हती, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"गडगा असाच सोडवतात."

त्यांनी पुढे विचारलं नाही. मी पाण्यात हात घातले. दगड बुळबुळीत होते, काही ठिकाणी काटे टोचत होते आणि एका दगडाखाली काहीतरी माझ्या बोटावरून चालत गेलं. पण दगडाचं वजन हातात आल्यावर माझी भीती गेली. दगड कुठे टेकलाय, काढला तर कोण हलेल, हे हाताला कळायला लागलं. एकेक काढून मी खाऱ्या पाण्याच्या बादल्यांत ठेवत गेले. मध्ये एकदा काका म्हणाले, हाताला मुंग्या आल्यात. मी म्हटलं, अजून तीन. नंतर म्हटलं, अजून एक. शेवटचा तो पाट्याएवढा आम्ही दोघांनी मिळून वर घेतला आणि ओल्या गोणपाटावर ठेवला.

काकांनी काचेवरून तळवा फिरवला, इंच इंच. एक ओरखडा होता. तडा नव्हता. मग ते जमिनीवर बसले. शर्ट घालायला घेतला, पण बोटं पांढरी पडली होती, त्यांना बटणं लावता येईनात. मी खिडकीतून खाली ओरडून सांगितलं, काही झालं नाही, सगळं ठीक आहे. इमारतीत माझा आवाज लोकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला असेल.

काका भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होते. म्हणाले, "वाळूची मी रेघ काढली. जमिनीची काढतात तशी. आणि तिच्यावर दगड काढत गेलो." मग म्हणाले, "मासा नकाशात नव्हता."

मला राहवलं नाही. मी सांगितलं की मला हे गणपतीतच दिसलं होतं.

"मग बोलला का नाहीत?"

मी पदरानं हात पुसायला लागले. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. म्हणाले, "मी तरी कुठे विचारलं."

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्टर घरी होते, ते सासूबाईंपाशी बसले. दगड आता मी सांगेन तसे लावायचे, असं काकांशी ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी मी ते मिस्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, तू? तू त्यांना सांगणार? सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "तिच्या बापाशीन घातलेल्या गडग्यार बैल चढलो तरी दगड पडूक नाय. तुका काय खबर?"

काकांनी पाणी अर्ध्यावर आणून पिंपांत साठवलं होतं आणि वाळू सगळी उपसली होती. तळाच्या काचेवर जाड प्लास्टिकचा तुकडा अंथरला, दगडाचं टोक काचेला रुतू नये म्हणून. मग मी दगड मागायला लागले आणि काका द्यायला लागले. ते नंबरानं द्यायचे, मी परत करायची. बूड सापडेपर्यंत दगड फिरवायचा, तीन जागी टेकला की बसला. खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही. सगळ्यांनी आत झुकायचं, काचेकडे कोणी झुकायचं नाही, आणि काचेत आणि दगडात हात जाईल एवढी वाट सोडायची. चिपा म्हणून काकांनी तुटक्या दगडांचे तुकडे हातोडीनं घडवून दिले. त्यांना काळजी होती की दगड घट्ट बसले तर मधून पाणी खेळणार नाही. मी सांगितलं, गडग्यातून वारा जातो, साप जातो, पाणी तर जाईलच. त्यांनी ते नकाशाच्या कडेला लिहून घेतलं.

कमानीवरून मात्र आमचं वाजलं. मी म्हटलं, कमान नको. काका म्हणाले, कमान पाहिजे. मी म्हटलं, नुसता ठेवलेला दगड मी वर ठेवू देणार नाही. हे मी म्हटलं, आणि म्हटल्यावर मीच चपापले. काका रुसून गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं चपला घालून बाहेर गेले आणि स्टेशनजवळच्या दुकानातून स्वेटर विणायच्या प्लास्टिकच्या सुया घेऊन आले. दगडांना गिरमिटानं भोकं पाडली, सुया कापून खिळ्यांसारख्या आत बसवल्या आणि तीन दगड एकमेकांत अडकवले. मी हलवून बघितलं. हललं नाही. मग मी कमान ठेवू दिली. पुढे टाकी होती तोवर त्यातला एकही दगड जागचा सरकला नाही.

सगळं झाल्यावर मी चारी बाजूंनी ढकलून बघितलं, मग काकांनी. मी सांगितलं, माझे वडील गडगा पुरा झाला की त्याच्यावरून एकदा चालून जायचे. काका म्हणाले, इथे कोणाला चालवायचं? इकडे तिकडे बघितलं, बादलीतून टाकीतला खेकडा काढला आणि वर सोडला. तो तिरका तिरका या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, कमानीवर थांबला, आणि पलीकडे उतरला. "पास," काका म्हणाले.

मी खाली आले. मिस्टर जेवून बाहेर गेले. सासूबाईंनी विचारलं, "बसलो काय गडगो?"

"बसलो."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांच्या खाटेशेजारी चटई टाकली. वर काकांचा आवाज नव्हता, फक्त पंपाची घरघर. मी ऐकत पडले आणि ऐकता ऐकता मला झोप लागली. दुपारची झोप मला कधी लागत नाही. जाग आली तेव्हा उन्हं भिंतीवर आली होती आणि सासूबाई अजून घोरत होत्या.

दार उघडलं तर जिन्याच्या पायरीवर काका बसलेले. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायांना वाळू. समोरच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, दीड-दोन तास झाले, बसलेत, बेल वाजवू का म्हटलं तर वाजवू देत नाहीत.

काका उठून उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "आता वाळू टाकू का?"

"टाका," मी म्हटलं, आणि त्यांच्या मागोमाग जिना चढले.